शब्द बहिणीचे, आवाज भावाचा

ढोलकीवाला आमच्या घरात जेवलेला माणूस होता, म्हणून त्याने दिलेला मार आम्हाला दुप्पट लागला.

तो माझ्या थोरल्या भावाच्या गायनपार्टीत होता. दादा साखर कारखान्यात हंगामापुरता बॉयलरवर कामाला असायचा आणि बाकीचं वर्ष पेटी खांद्याला लावून गावोगाव गायला जायचा. बेलापूरपासून कोपरगावपर्यंत ज्या गावात आमची बौद्ध वस्ती आहे, तिथं दादाची पार्टी एकदा तरी गेलेली असायची. जयंती, बुद्धपौर्णिमा, कुणाची हळद, कुणाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली. दादाच्या ओट्यावर शिलाई मशीन टाकून ब्लाऊज शिवायचे आणि गाणी रचायचे. गाणी मला मशीनवरच सुचायची. पाय पायडलवर चालू असला की शब्द आपोआप तालात पडायचे, आणि पाय थांबला की तेही थांबायचे. वहिनी म्हणायची, "वन्सं, तुमचं गानं झालं का ब्लाऊज झालं, एक काय ते सांगा. गिऱ्हाईक बसलंय."

आमची आई वीटभट्टीवर गेली. म्हणजे कामाला गेली आणि तिथंच गेली. डोक्यावर विटा घेऊन फळीवरून चढताना तिचा तोल गेला. तिच्यावर मी एक गाणं केलं होतं:

तुझ्या डोईवर होती वीट, माय,
तिचीच शाळा झाली नीट, माय.

दादा हे गाणं म्हणायला लागला की समोरच्या बाया पदर तोंडाला लावायच्या. हेच गाणं पहिलं ठेवून आम्ही कॅसेट काढली. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. तेव्हा घराघरात टेप आला होता, आणि ज्याची कॅसेट निघाली तो मोठा गायक असं लोक समजायचे. पार्टीतल्या सगळ्यांनी हातभार लावला, पुण्यातल्या एका लहानशा स्टुडिओत जाऊन गाणी भरली, आणि कॅसेटींची खोकी एसटीच्या टपावर चढवून घरी आणली. कव्हरवर दादाचा फोटो होता. माझं नाव आत बारीक अक्षरात होतं.

त्याच सुमारास ढोलकीवाल्याने पार्टी सोडली. भांडण काही झालं नव्हतं. कोपरगावच्या बसस्टँडजवळ त्याच्या मेहुण्याने गाळा घेतला होता, तिथं कॅसेटींचं दुकान टाकायचं होतं. जाताना तो दादाच्या पाया पडला. वहिनीने त्याला पुरणपोळी वाढली. दादाने त्याला पंधरा-सोळा वर्षांचा असताना पार्टीत घेतला होता आणि मांडीवर थाप मारून मारून ताल शिकवला होता, त्यामुळे तो निघाला त्या दिवशी दादाने पेटी उघडली नाही.

महिन्याभरात आमची कॅसेट विकायची बंद झाली. लोक म्हणायचे, "हाय की आमच्याकडं. कोपरगावास्नं आनली." आम्ही तर कोपरगावला एकही दिली नव्हती. एकाने आणून दाखवली. कव्हर नाही, फोटो नाही. पांढऱ्या कागदावर पेनाने 'जयंती स्पेशल' एवढंच लिहिलेलं. आत दादाचाच आवाज, थोडा घोगरा झालेला, कारण कॅसेटवरून कॅसेट आणि तिच्यावरून पुन्हा कॅसेट अशी ती उतरवलेली होती.

दादा एकटाच कोपरगावला गेला. परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची कॉलर फाटलेली होती आणि गळ्याभोवती लाल वळ होता. वहिनीने पाणी दिलं, ते त्याने तोंडावर मारलं आणि मग बोलला.

"मेहुन्यानं मारलं. ह्यो नुसता बघत हुता."

"गळ्याला काय झालं?" वहिनीने विचारलं.

"मी म्हनलं, ही माझी कॅसेट हाय. तर त्यानं कॅसेट फोडली, आतली पट्टी वढली न् माझ्या गळ्याभवती गुंडाळली. म्हनला, घे तुझी कॅसेट. आन् वढली."

कॅसेटची पट्टी तशी तुटते. पण अनेक पदर एकत्र आले की ती माणसाच्या गळ्यात रुतते, हे मला त्या दिवशी कळलं.

वहिनी उठून चुलीपुढे गेली आणि भाकरी थापायला लागली. तिचे हात परातीवर असे पडत होते की शेजारची बाई डोकावून गेली. वहिनी कमी बोलायची. लग्नाआधी ती आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. तिच्या मनगटात जो जोर होता तो आमच्या घरात दुसऱ्या कुणाच्या नव्हता.

पुढची कॅसेट काढताना आम्ही शहाणपण करायचं ठरवलं. कल्पना माझी होती. प्रत्येक गाण्याच्या मधोमध, कडव्यानंतर जिथं पेटी थांबते, तिथं दादाने बोलायचं: "शब्द बहिणीचे, आवाज भावाचा, पार्टी बेलापूरची." नाव गाण्याच्या पोटातच घातलं तर चोरणारा काढणार कसा? कव्हर फाडता येतं, लेबल बदलता येतं, पण गाणं मधूनच तोडलं तर घेणारा म्हणेल की कॅसेट खराब आहे. शिवाय प्रत्येक कॅसेटवर रबरी शिक्का मारायचा आणि खाली मी सही करायची. कॅसेटी दुकानात द्यायच्याच नाहीत, कार्यक्रमातच आपल्या हाताने विकायच्या. स्टुडिओतला माणूस हसला होता, पण दादाला ते आवडलं. तो वाक्य इतकं गोड म्हणायचा की ते गाण्याचाच भाग वाटायचं. कार्यक्रमात लोक त्याच्याआधी म्हणायला लागले, "शब्द बहिणीचे!"

मला त्याचं काय वाटायचं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई म्हणून मला वस्तीत ओळखत होते. आता रस्त्याने जाताना पोरी म्हणायच्या, "ती बघ गान्यातली बहीन."

जयंती झाली. नंतर थोड्याच दिवसांत मी बेलापूरच्या बाजारात दोरा घ्यायला गेले होते. कांद्याने भरलेला एक टेम्पो दुकानासमोर उभा होता आणि त्याच्या टेपवर आमचं गाणं चालू होतं. मी थांबले. मनात म्हटलं, आता माझी ओळ येईल. कडवं संपलं, पेटी थांबली आणि त्या मोकळ्या जागेत ढोलकी कडाडली. एक लांब, भरगच्च, उतरत जाणारा तुकडा. त्याखाली दादाचं बोलणं पार गाडलं गेलं होतं. कान देऊन ऐकलं तर 'ब' एवढंच ऐकू येत होतं.

तो हात मी ओळखला. डाव्या हाताचा घुमारा थोडा उशिरा उचलायचा, ही त्याचीच सवय. आमच्या ओट्यावर बसून त्याने हजार वेळा असंच वाजवलं होतं. कॅसेट चालू ठेवून, बरोबर माझ्या नावाच्या जागी आवाज खाली घेऊन, त्याने माईकपुढे बसून ढोलकी वाजवली होती. प्रत्येक गाण्यात.

टेम्पोवाला मला म्हणाला, "लई भारी वाजवलंय न्हाई का, ताई?"

मी दोरा न घेताच घरी आले.

ह्या वेळी दादाबरोबर मी कोपरगावला गेले. वहिनी म्हणाली होती, "मी बी येते," पण दादाने तिला नको म्हटलं. दुकान लहान होतं. पुढे काउंटर, मागे फळीवर टेपची मशीनं एकाला एक जोडून ठेवलेली, सगळ्यांत कॅसेटी फिरत होत्या. एका मशीनमधलं गाणं बाकीच्या मशीनांत उतरत होतं. गाणं आमचं. आवाज बंद ठेवला होता, नुसत्या चकत्या गोल गोल फिरत होत्या. मेहुणा काउंटरवर बसला होता. ढोलकीवाला आतून बाहेर आला, मला पाहून जरा गडबडला.

"ताई, तुमी? बसा की. चहा सांगतो."

"माझं नाव का पुसलंस?" मी विचारलं.

"कोनतं नाव?"

"गाण्यातलं. त्याच्यावर ढोलकी वाजवलीस ते."

तो हसल्यासारखा झाला. मग आवाज चढवून, बाहेरच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं बोलला, "ही गानी जयंतीची हायत. समाजाची हायत. समाजाच्या गान्यावर कुनी मालकी सांगायची नसती. तुमाला धंदा करायचाय व्हय गान्याचा?"

दादा म्हणाला, "धंदा तू करतोयस. मशीन बंद कर."

"न्हाई करत."

दादा काउंटरखालून वाकून आत शिरला आणि त्याने मशीनांची वायर हातात धरली. मेहुण्याने मागून त्याच्या मानेवर बुक्की मारली. दादा फळीवर आपटला, दोन मशीनं खाली पडली. ढोलकीवाला ओरडला, "मशीन! अरे मशीन!" दादाने उठून मेहुण्याच्या पोटात डोकं घातलं. ते दोघं एकमेकांना धरून काउंटरवरून पलीकडे रस्त्याच्या बाजूला पडले. काच फुटली. मी दादाच्या सदऱ्याला धरून त्याला ओढत होते आणि माणसं जमा होऊन बघत होती. कुणी मधे पडलं नाही.

मेहुण्याच्या नाकातून रक्त आलं. त्याने ते हाताने पुसलं, हाताकडे बघितलं आणि दुकानात पळाला. दुकान बंद करून आत कोंडून घ्यायचं होतं त्याला. दादा उंबऱ्याशी गुडघ्यावर होता, उठण्यासाठी त्याने उजवा हात उंबऱ्यावर टेकला होता. मी पाहिलं. ढोलकीवाल्यानेही पाहिलं, कारण तो ओरडला, "हात! हात हाय त्याचा!" मेहुण्यानेही ते ऐकलं असणारच. त्याने शटरच्या कडीला लोंबकळून अंगाचा सगळा भार देऊन ते खाली ओढलं.

आवाज दोन आले. एक शटरचा, एक दादाचा. दादाचा आवाज मी जन्मभर ऐकत आले होते, पण तो तसला आवाज काढू शकतो हे मला माहीत नव्हतं. शटर वर करायला कुणी तयार नव्हतं. आतून त्याने पाय देऊन धरलं होतं. मी दोन्ही हातांनी उचलत होते, ओरडत होते, बाहेर भाजी विकणारी एक म्हातारी आली आणि तिने तराजूची दांडी फटीत घालून जोर लावला, तेव्हा कुठे बोटं सुटली. मधली दोन बोटं चपटी झाली होती आणि त्यांची नखं उंबऱ्यावर राहिली होती.

दवाखान्यात हाताला पट्टी बांधून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. फौजदार तरुण होता, बाहेरगावचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चोरलं काय त्यांनी?"

"गाणी," मी म्हटलं.

"गाणी चोरली? तुमच्याकडची गेली का मग? आता म्हणता येत नाहीत तुम्हाला?" हवालदार हसले. फौजदार पुढे म्हणाला, "बाई, गाणं काय म्हैस आहे का, दावं सोडून नेली म्हणायला? मारामारीचं लिहून घेतो. दोन्हीकडून मारामारी झाली, दोघांचं लिहितो."

दादा टेबलावर पट्टीचा हात ठेवून बसला होता. तो फौजदाराकडे नाही, त्या हाताकडे बघत होता.

श्रीरामपूरला एक वकील होते. त्यांच्या बायकोचे ब्लाऊज मी शिवायचे, त्या ओळखीवर गेले. त्यांनी कपाटातून पुस्तक काढून दाखवलं की कॉपीराइटचा कायदा आहे, गाण्याचे शब्द ज्याने लिहिले त्याचा त्यावर हक्क असतो, परवानगीशिवाय कॅसेटी काढणं गुन्हा आहे आणि फौजदार स्वतः जाऊन माल जप्त करू शकतो. वॉरंटही लागत नाही. "पण त्याला हे माहीत असायला हवं," वकील म्हणाले, "आणि करावंसं वाटायला हवं." त्यांनी अर्ज टाईप करून दिला. तो मी ठाण्यात नेऊन दिला. पुन्हा गेले तर फौजदार बंदोबस्ताला. पुन्हा गेले तर साहेब जेवायला गेलेत. तोपर्यंत कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता, आणि बॉयलरवर दादाला घेतलं नाही, कारण त्याला फावडं धरता येत नव्हतं.

एके दिवशी दादाने पेटी काढली. पट्टी सुटली होती. डाव्या हाताने भाता ओढला आणि उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. दोन बोटं वाकेनात. पुढच्या बोटाने एक सूर लागायचा, मधला राहून जायचा, मग करंगळी चुकून भलत्याच पट्टीवर पडायची. तो तेच तेच वाजवत राहिला. वहिनी दारात उभी होती. तिने डोक्यावर पदर घेतला, माळ्यावरून कोयता काढला, पिशवीत घातला आणि मला म्हणाली, "चला वन्सं."

"कुठं?"

"कोपरगावला. तुमास्नी यायचं नसंल तर मी यकटी जाते."

मी गेले. एसटीत ती खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर. सगळ्या वाटेत ती एकच वाक्य बोलली: "मानसावर घालनार न्हाई, भिऊ नका."

बाजाराचा दिवस होता. स्टँडपासून दुकानापर्यंत माणसांतून वाट काढावी लागत होती. दुकानाबाहेर टेप लावलेला आणि आमचंच गाणं चालू. वहिनी काउंटरपाशी थांबली नाही. पिशवी खाली टाकली, काउंटरखालून आत गेली आणि उसाच्या बुडख्यावर घालावा तसा पहिला घाव तिने मोठ्या मशीनवर घातला. ठिणग्या उडाल्या. कोयत्याची मूठ लाकडी होती म्हणून ती वाचली. दुसरा घाव दुसऱ्या मशीनवर. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. कॅसेटी फळ्यांवरून ओतल्यासारख्या खाली आल्या आणि ती त्यांच्यावर पाय देऊन पुढे गेली. प्रत्येक घावाला नुसता श्वास सोडत होती, फडात बाया सोडतात तसा.

ढोलकीवाला भिंतीला चिकटून उभा होता. मेहुणा मागच्या दाराने आला आणि त्याने वहिनीचा अंबाडा धरला. तिला मागे ओढली, ती पाठीवर पडली, कोयता हातातून सुटला. तिला केसांना धरून तो दुकानातून रस्त्यावर फरफटत आणू लागला. काउंटरपाशी लोखंडी स्टूल होतं. मी ते उचललं आणि त्याच्या खांद्यावर मारलं. त्याने केस सोडले नाहीत. मी पुन्हा मारलं, या वेळी कोपरावर. हाड वाजलं. केस सुटले. तो माझ्याकडे वळला आणि त्याने मला थोबाडीत दिली. कानात शिट्टी वाजायला लागली, ती अजूनही पावसाळी हवेत वाजते. मी पडले तेव्हा माझ्या तोंडाशी आमचीच एक कॅसेट होती, पांढऱ्या कागदाची.

पुढचं मी जमिनीवरूनच पाहिलं. ढोलकीवाल्याने कोयता उचलला होता. वहिनी गुडघ्यावर बसून केस मागे सारत होती. तो तिच्यापुढे उभा, कोयता वर, आणि त्याचं तोंड रडवेलं झालेलं. "माझं दुकान," तो म्हणत होता. "वैनी, माझं समदं दुकान."

वहिनी म्हणाली, "घाल."

त्याने नाही घातला. घातला असता की नाही, मला सांगता येत नाही. स्टँडवरच्या चौकीतले दोन पोलीस गर्दीतून आत घुसले आणि एकाने त्याच्या मनगटावर काठी मारली. कोयता पडला.

मग ठाण्यातून जीप आली आणि तोच फौजदार उतरला. बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात कोयता निघाला होता, आता त्याला कुणाला घरी पाठवता येईना. पंचनामा करावा लागला. पंचनामा करायचा तर दुकानात काय काय आहे ते लिहावं लागलं. लिहायला बसल्यावर पोत्यात भरलेल्या कॅसेटी निघाल्या. आमच्या होत्या, दुसऱ्याही गायकांच्या होत्या, एकीवर कंपनीचं नाव नाही की पत्ता नाही. मी वकिलांच्या अर्जाची प्रत ब्लाऊजमधून काढून त्याच्यापुढे धरली. घामाने शाई पसरली होती. त्याने ती उभ्यानेच वाचली आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "ही गाणी तुम्ही लिहिलीत?"

ठाण्यात आम्हा दोघींना एका बाकावर बसवलं. वहिनीच्या डोक्याची कातडी एका जागी निघाली होती, तिथून रक्त मानेवर येत होतं. मेहुण्याला दवाखान्यात नेलं. कुणी तरी निरोप दिला असावा, दुपार कलताना दादा आला. तो दारात पोहोचला तेव्हा फौजदार ढोलकीवाल्याला विचारत होता की मूळ कॅसेट कुठून आणली आणि अजून माल कुठे आहे. तो सांगत नव्हता. फौजदाराने कमरेचा पट्टा काढला.

"हात पुढं कर."

त्याने हात पुढे केला. पट्टा तळव्यावर बसला. खोलीभर आवाज घुमला. दुसऱ्यांदा बसला. तिसऱ्या वेळी त्याने हात मागे घेतला, तर हवालदाराने मनगट धरून टेबलावर दाबून ठेवलं आणि बोटं पसरवली. फौजदाराने पट्टा उलटा धरला, बक्कल पुढे येईल असा.

दादा म्हणाला, "साहेब, हाताव नको."

सगळे वळले.

"पाठीवर मारा, पायाव मारा. हाताव नको. ढोलकीचा हात हाय."

फौजदार दादाच्या त्या दोन बोटांकडे बघत राहिला. मग पट्टा कमरेला लावत म्हणाला, "तुम्ही लोक आधी ठरवा तुम्हाला काय पाहिजे ते."

ढोलकीवाला टेबलावर डोकं ठेवून हमसून रडला. मला त्याची कीव आली नाही. मला त्या क्षणी दादाचा राग आला, इतका की मी त्याच्याकडे पाठ केली. वहिनी तर बाकावरून उठली, दादाच्या समोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्या पायाशी थुंकली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

पुढे वस्तीतल्या जाणत्या माणसांनी विहारात बैठक घेतली. आपल्यात आपण कोर्टात भांडतोय, लोक हसतायत, असं सगळ्यांचं म्हणणं. ढोलकीवाला आला, हात जोडून बसला, पण बोलायला लागला तेव्हा पुन्हा तेच: गाणी समाजाची. काही माना हलल्या. मला बोलायची परवानगी कुणी दिली नव्हती, तरी मी उभी राहिले.

"समाजाची आहेत, मान्य. मग समाजाला सांगायचं ना कुणी लिहिली ते. नाव ठेवून वाटली असतीस तर मी तुझ्या दुकानात येऊन हार घातला असता. समाजाचीच होती तर माझं नाव का पुसलंस?"

त्याने मान खाली घातली. मग एक म्हातारे म्हणाले, "पोरीनं बरोबर इचारलं. दे उत्तर." ढोलकीवाला उठला आणि दारातल्या चपला शोधायला लागला.

मारामारीच्या केसा मात्र मिटवाव्या लागल्या. कोयत्याची केस वहिनीवर होती, आणि वकिलांनी स्पष्टच सांगितलं की ती उभी राहिली तर शिक्षा होईल. मेहुणा आपली तक्रार मागे घेणार, आम्ही दादाच्या हाताची. दादाने कोर्टात डाव्या हाताने सही केली. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "मला जेलात जाऊ द्यायचं हुतं. त्यो मेहुना बी गेला असता." ती कित्येक आठवडे दादाशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, पण बोलायची नाही.

कॅसेटींची केस सरकारची, ती चालत राहिली. तारखा पडत गेल्या. शेवटी ढोलकीवाल्याला दंड झाला आणि जप्त केलेला माल नष्ट करायचा हुकूम निघाला. त्याआधीच त्याने गाळा सोडला होता. मेहुण्याने तिथं प्लॅस्टिकच्या बादल्या विकायला सुरुवात केली.

चोरी काही थांबली नाही. आमचं गाणं राजूरच्या बाजारात वाजताना ऐकलं असं कुणी सांगितलं, म्हणून मी एकटी तिकडे गेले. डोंगरातला लांबचा प्रवास, सगळ्या वाटेत माझ्या मुठी आवळलेल्या. दुकान किराण्याचं, दुकानदार वयस्क माणूस, आमच्या समाजाचा नव्हता. मी दमात विचारलं, "ही कॅसेट कुठून आणली?" तो म्हणाला, "फिरत्या माणसाकडून घेतली, बाई. का?" मी सांगितलं की गाणी माझी आहेत. त्याने सगळ्या कॅसेटी फळीवरून काढल्या, पिशवीत घातल्या आणि माझ्या हातात दिल्या. "मला म्हाईत नव्हतं. घिऊन जावा," म्हणाला. माझा हात तोवर काउंटरवरच्या वजनाच्या मापावर गेलेला होता. मी तो मागे घेतला, पिशवी उचलली आणि स्टँडवर येऊन बसले. एसटी आली नि गेली, मी पुढच्या एसटीने निघाले.

त्या कॅसेटी मी घरी आणून ओट्यावर दगडाने फोडल्या. वहिनीने मदत केली.

दादा पेटीशिवाय गायला शिकला. पेटीवर दुसरा माणूस ठेवला, हा उभा राहून म्हणायचा, उजवा हात कानाशी, ती दोन बोटं सरळच. गाण्याच्या मधे अजूनही बोलायचा, "शब्द बहिणीचे." 'आवाज भावाचा' म्हणणं मात्र त्याने सोडून दिलं. मी एकदा कारण विचारलं. "आवाज तर लोकास्नी ऐकूच येतोय," तो म्हणाला, आणि पुढचं कडवं कुठून घ्यायचं ते मला विचारायला लागला.